भरिताला पाणी घालू नये

दिवाळीच्या सुट्टीत सातवीतली एक मुलगी आमच्या वाचनालयात आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "नाना, क्लासिक सगळी वाचून झाली. आता काय देता?"

सगळी म्हणजे दहा. तिच्या आईनं जळगावच्या एका प्रदर्शनातून खोक्यातला संच आणला होता. पातळ पुस्तकं, रंगीत चित्रं, आणि कव्हरवर 'संक्षिप्त' हा शब्द इतका बारीक की छापणाऱ्यालाच त्याची लाज वाटली असावी. त्यात समुद्री चाचे होते, पाणबुडी होती, लंडनचा अनाथ पोरगा होता आणि आपली 'श्यामची आई'सुद्धा होती. आई कापूस वेचायला गेली की पोरगी घर सांभाळायची आणि वाचायची. चार दिवसांत तिनं दहाही उरकली. मी विचारलं, 'श्यामची आई' कशी वाटली? ती म्हणाली, "छान आहे. शेवटी आई मरते."

पोरीचा मला राग आला नाही. पुस्तकात तेवढंच उरलं होतं, तिनं तेवढंच सांगितलं. मला खटकलं ते तिचं 'वाचून झाली'. जे पुस्तक तिच्या हातात कधी आलंच नाही, त्याच्यावर तिच्या मनात बरोबरची खूण झाली होती. दहावीत, कॉलेजात कोणी खरं पुस्तक पुढे केलं तर ती म्हणणार, हे वाचलंय मी. न वाचलेल्या पुस्तकाकडे माणूस कधीतरी वळतो. वाचून झालेल्याकडे कशाला वळेल?

मुलांना अभिजात पुस्तकं द्यावीत का, यावर आमच्याकडे वाद नाही. सगळे हो म्हणतात. वाद कोणती द्यावीत यावर होतो, आणि तो 'संस्कारक्षम' या एका शब्दापाशी येऊन संपतो. कशी द्यावीत, हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते खरी निवड तिथेच आहे. लहान वाचकाला मोठं पुस्तक झेपत नसेल तर त्यातला एक तुकडा निवडा आणि लेखकाच्या शब्दांत, काना-मात्रा न बदलता, तो त्याच्यापुढे ठेवा. सबंध पुस्तक आटवून देऊ नका.

त्या मुलीच्या आईला मी हे बोललो. "ताई, पोर लहान आहे म्हणून भरीत कमी वाढावं. त्यात पाणी घालू नये." बोलून मी स्वतःवर खूश होतो. ताईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "पण नाना, लेकराच्या भरितात मिरची कमी टाकतोच ना आपण?"

मला उत्तर सुचलं नाही. बोरी नदीच्या काठानं घरी येईपर्यंत मी तोच विचार करत होतो, आणि खरं सांगायचं तर हा लेख त्या मिरचीचं उत्तर आहे.

मिरची कमी करणारी आई वांगी स्वतः भाजते. कपाशीच्या काड्यांवर भाजते, सोलते, लाकडी बडगीत ठेचते, चव घेते आणि मग ठरवते की याला एवढी सोसेल. ते भरीत तिचं असतं. आजीनं सांगितलेलं महाभारत असंच असतं, कीर्तनकाराचा सुदामाही असाच. त्याला पुनर्कथन म्हणतात, आणि त्यात सांगणारा आपल्या भाषेची जबाबदारी घेतो. संक्षिप्त आवृत्तीत अशी जबाबदारी कोणाचीच नसते. मुखपृष्ठावर नाव मूळ लेखकाचं, आतली वाक्यं कोणा तरी अनामिकाची, आणि त्या अनामिकाला अमुक पानांत पुस्तक बसवा एवढाच हुकूम. भरीत कोणाचं ते कळत नाही, आणि वांगं भाजलं होतं का तेही.

हा घोळ आपल्याकडचाच आहे असं नाही. १८०७ साली इंग्लंडमध्ये दोन पुस्तकं निघाली. चार्ल्स आणि मेरी लँब या भावंडांनी शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी मुलांसाठी लिहिल्या. स्वतःच्या गद्यात लिहिल्या, जमेल तिथे मूळ नाटकातले शब्द ठेवले, आणि ही फक्त ओळख आहे, पुढे मूळ नाटकांकडे जा, असं प्रस्तावनेत बजावलं. त्याच वर्षी हेन्रिएटा बाउडलर या बाईंनी घरात मोठ्यानं वाचण्याजोगा शेक्सपिअर छापला. नको ती वाक्यं कापलेला, आणि स्वतःचं नाव न घालता. पुढे १८१८ मध्ये तिच्या भावाच्या, थॉमसच्या, नावानं त्याची पूर्ण आवृत्ती आली. लँब भावंडांचं पुस्तक अजून वाचलं जातं. बाउडलर या आडनावावरून इंग्रजीत एक क्रियापद तयार झालं. त्याचा अर्थ, सोवळं नेसून कात्री चालवणं.

आपल्याकडे ही पातळ पुस्तकं एकाएकी इतकी का दिसू लागली, याचं एक साधं कारण कायद्यात आहे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो. साने गुरुजी गेले ११ जून १९५० रोजी, म्हणजे २०११ उजाडलं तेव्हा 'श्यामची आई' सगळ्यांची झाली. कोणीही छापावी, कोणीही कापावी. छापण्याचा फायदा गरीब वाचकाला झाला हे मान्य. पन्नास-साठ रुपयांत सबंध पुस्तक मिळू लागलं. पण त्याच वाटेनं शंभर पानांच्या आतली 'श्यामची आई'ही आली.

आणि कापलं काय? आमच्या हाती आलेल्या त्या आवृत्तीत कर्जाच्या रात्री एका परिच्छेदात उरकल्या होत्या. या पुस्तकाला आपण मातृप्रेमाचं पुस्तक म्हणून इतकी वर्षं मखरात बसवलंय की ती कर्जाची कहाणी आहे हे विसरूनच गेलोय. घर कसं हळूहळू खचत जातं, सावकाराचा माणूस वसुलीला दारात येऊन बसतो तेव्हा घरातल्या बाईचा चेहरा कसा होतो, तेल आहे तर मीठ नाही अशा दिवसांत स्वयंपाक कसा होतो, हे सगळं त्यात आहे. खान्देशातल्या कोरडवाहू कपाशीवाल्याच्या पोराला यातलं काय समजावून सांगावं लागेल? सोसायटीचं कर्ज, बोंडअळी, पडलेला भाव, यांची भाषा तो घरात ऐकत मोठा झालाय. कोकणातल्या श्यामची आणि त्याची गाठ पडायची ती याच पानांवर. नेमकी तीच पानं कंटाळवाणी ठरवून काढली, आणि शुद्ध तात्पर्य मागे ठेवलं.

गंमत म्हणजे हे पुस्तक कापायची गरजच नाही. ते रचतानाच गुरुजींनी त्याचे तुकडे करून ठेवलेत. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलेलं हे पुस्तक, त्यात बेचाळीस रात्री, दर रात्री श्याम मित्रांना एक आठवण सांगतो. एक रात्र मोठ्यानं वाचायला दहा-पंधरा मिनिटं. मागचं ठाऊक नसलं तरी अडत नाही. गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिकवत होते, तेव्हा छात्रालयातल्या मुलांसाठी हातानं लिहून रोज एक दैनिक काढत. मुलांना एका बैठकीत किती द्यावं, याचा अंदाज त्यांना आपल्यापेक्षा जास्त असणार.

म्हणून मी शनिवारी संध्याकाळी एक प्रयोग सुरू केला. 'अळणी भाजी' ही एक रात्र घेतली आणि वाचली. प्रश्न नाही, स्वाध्याय नाही, 'यातून काय शिकलात' तर मुळीच नाही. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील भाजी छान झाली म्हणतात, पोरंही निमूट खातात, आणि आईला कळतं ते स्वतः जेवायला बसल्यावर. एवढीच गोष्ट. वाचून थांबलो तर मागच्या ओळीतला एक पोरगा म्हणाला, "पन सांगाले जोयजे व्हतं ना! भाजीमा मीठ नही, तं नही म्हनानं." त्यावर मुलींची बाजू तापली. एक म्हणाली, बापानं बरोबर केलं. दुसरी म्हणाली, आमच्याकडे तर ताटच भिरकावतात. मग एकदम सगळे गप्प झाले. ती शांतता कुठल्या संक्षिप्त आवृत्तीतून आली असती, मला सांगा.

कात्रीवाले म्हणतील, हे तुम्ही मोठ्यानं वाचलंत म्हणून जमलं. बरोबर आहे. त्यासाठी वाचणाऱ्याला आधी ते पुस्तक पूर्ण वाचलेलं असावं लागतं. इथेच आपली गोची आहे. खोक्यातला संच विकत घेताना आईबापांना काहीच वाचावं लागत नाही. तुकडा निवडायचा तर सबंध पुस्तकातून जावं लागतं. पोरांसाठी अभिजात पुस्तकं शोधणाऱ्या माणसाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, तुम्ही शेवटचं कधी वाचलंत? त्यावर बरेच जण विषय बदलतात.

अवघड गोष्ट सोपी करायची म्हणजे लहान करायची, ही समजूत आपण कुठून उचलली कोण जाणे. आपली परंपरा तर उलटी आहे. गीतेचे श्लोक सातशे. ते संस्कृत न कळणाऱ्या माणसाला कळावेत म्हणून १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी त्यांच्या नऊ हजारांवर ओव्या केल्या. दृष्टान्तामागून दृष्टान्त, एका कल्पनेला चार उपमा. सोपं करणं म्हणजे उलगडणं. १९३२ साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे दर रविवारी एक अशी अठरा प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती टिपून घेतली, तेव्हाही तेच झालं. एका अध्यायाला एक रविवार. समोर शिकलेले होते आणि अडाणीही होते. विनोबांनी गीता आखूड केली नाही, तिच्यात शिरायला दारं पाडली. हे धुळ्यात झालं, आपल्या अंगणात, आणि आपणच पोरांना चुरा वाढतोय.

शब्दांवर माझा एवढा जोर का? ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषा म्हटलं, गावोगावी पेढे वाटले गेले. अभिजात म्हटलं ते भाषेला. कथानक अभिजात नसतं. अनाथ मुलाची गोष्ट कोणीही सांगेल. ती ज्या वाक्यांत सांगितली, ती वाक्यं टिकली म्हणून पुस्तक टिकलं. वाक्यं काढून गोष्ट ठेवली, तर जे टिकलं होतं तेच फेकलं.

आमच्या भागातल्या पोरांसाठी याचा आणखी एक पदर आहे. शाळेत त्यांची अहिराणी बोली चूक ठरते. 'माले' नाही, 'मला' म्हण. 'शे' नाही, 'आहे' म्हण. मग बहिणाबाई येतात. आसोद्याच्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर गायलेली तिची गाणी घरातल्यांनी टिपून ठेवली आणि ती गेल्यावर, १९५२ मध्ये, तिच्या मुलानं, सोपानदेवांनी, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली. पुण्यातल्या मुलाला या कवितेखाली शब्दार्थ लागतात. आमच्या मुलाला लागत नाहीत. अख्ख्या मराठी अभिजात साहित्यात ही एक जागा अशी आहे जिथे खान्देशचं पोर टीपांशिवाय आत जातं आणि बाहेरच्याला अर्थ सांगतं. बहिणाबाईंची भाषा लेवा वळणाची, अहिराणीपेक्षा थोडी वेगळी, तरी कान ओळखतो. पण आपण काय करतो? सुगरणीच्या खोप्याची कविता चौथी-पाचवीत पाठ करून घेतो आणि बहिणाबाई 'झाल्या' म्हणतो. विद्यापीठाला नाव देतो. मृत्यूविषयी, मनाविषयी, वैधव्याविषयी तिनं जे म्हटलंय ते चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांपुढे ठेवत नाही. तिशीत विधवा झालेल्या बाईची ती वाणी आहे, ओव्यांची गोड आजी करून टाकलीय तिची.

बालकवींचंही तसंच. नावात 'बाल' आहे म्हणून ते बालवाडीचे, असा समज. धरणगावच्या त्र्यंबक ठोंबऱ्याला ही पदवी १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात मिळाली ती वयानं पोरगेला म्हणून. 'औदुंबर' ही त्यांची कविता आठ ओळींची आहे. तिचा अर्थ काय यावर समीक्षक अजून भांडतात. सहावीतल्या पोराला ती कळत नाही आणि त्याला त्याची फिकीरही नसते. आमच्यातल्या एकानं डोळे मिटून ऐकली आणि म्हणाला, "माले काही समजनं नही, पन आयकाले गोड लागस." आठ ओळींचं कोण काय संक्षिप्त करणार?

बाकीच्या पुस्तकांचं थोडक्यात सांगतो, कारण यादी देणं हा माझा हेतू नाही. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' दक्षिणा मिळेल या आशेनं उत्तरेत गेलेल्या आणि १८५७ च्या धुमाळीत सापडलेल्या कोकणी भटजीनं लिहिलाय. त्यातली झाशीच्या वेढ्याची पानं बारा वर्षांच्या कुठल्याही पोराला द्या. भाषा जुनी आहे, दोन पानं अडखळेल, मग तोफा सुरू होतात. 'स्मृतिचित्रे' मी मुलींना देतो, आणि मुद्दाम मुलांनाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचं सोवळं इतकं टोकाचं होतं की वाचताना पोरं खिदळतात, आणि चार पानांनी त्यांच्या लक्षात येतं की यात घरातल्यांचे हाल आहेत. पुढे त्यात ठोंबरे येतात, म्हणजे आपले बालकवी, अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिलेले. धरणगावच्या पोरांचे कान तिथे टवकारतात. 'बनगरवाडी' मात्र तुकड्यात देऊ नये. लहानशीच आहे, नववीच्या पुढे सबंध द्यावी.

आणि 'कोसला'? नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, म्हणून आमच्या समितीत एकानं अभिमानापोटी तेरा वर्षांच्या मुलांसाठी सुचवली. मी नको म्हणालो. त्यात काही वाईट आहे म्हणून नव्हे. पुण्याच्या हॉस्टेलवर जायला निघालेल्या सतराव्या-अठराव्या वर्षाचं ते पुस्तक आहे. आधी दिलं तर त्यातला कंटाळा पोराला पुस्तकाचा कंटाळा वाटतो. धाकट्या बहिणीच्या मृत्यूची पानं मात्र पंधराव्या वर्षी वाचून दाखवायला माझी हरकत नाही. दुःखाला मी भीत नाही. आमच्या पोरांनी तेरावं जेवलेलं असतं, फासावर लटकलेल्या शेजाऱ्याचं घर पाहिलेलं असतं. पुस्तकातला मृत्यू त्यांना अयोग्य, ही शहरी चिंता आहे.

जातीचा प्रश्न याहून अवघड. 'श्यामची आई'त आई श्यामला म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावर मोळी चढवून द्यायला सांगते, आणि मग घरी येऊन आंघोळ करायला. संक्षिप्तवाले आंघोळ काढून टाकतात, मोळी ठेवतात. आई एकदम आजची होते. माझ्या समोर बसलेल्या पोरांत त्या म्हाताऱ्या बाईची पणतवंडंही आहेत. ती आंघोळ मी गाळली तर त्यांच्या पणजीचा अपमान झालाच नव्हता, असं मी म्हटल्यासारखं होईल. ती रात्र मी पूर्ण वाचली. सोपं गेलं नाही. एक मुलगा उठून बाहेर गेला, पुढच्या शनिवारी आला. त्याला काय वाटलं ते मी विचारलं नाही, आणि विचारायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एका ठिकाणी माझा मुद्दा लंगडा पडतो, ते सांगायला हवं. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडची जी मुलं पावरी किंवा भिली या आदिवासी बोली बोलत शाळेत येतात, त्यांना पुस्तकी मराठीच परकी. त्यांना गोडसे भटजी देणं म्हणजे छळ. तिथल्या एका शिक्षकमित्राचं म्हणणं, आमच्याकडे तुझं सोवळं चालणार नाही, मला सोपीच पुस्तकं लागतात. मी म्हणालो, लागू देत, पण मग ती सोपी म्हणून लिहिलेली असू देत. 'किशोर' मासिक बालभारती १९७१ पासून काढते, त्यात मुलांसाठीच लिहिलेलं चांगलं मराठी पडलंय, जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत. आणि मोठ्या पुस्तकातलं एखादं पान शिक्षकानं वाचावं, मुलांनी ते पावरीत एकमेकांना सांगावं. ते पुनर्कथन झालं, आणि ते त्यांचं झालं. मित्राला हे पटलंय असं नाही. तो म्हणतो, तू एकदा येऊन वर्ग घे, मग बोल.

आमचं वाचनालय 'ड' वर्गाचं. पुस्तकखरेदीला पैसा किती असेल, ज्यानं त्यानं ओळखावं. गेल्या बैठकीत संच घ्यावा की त्याच पैशांत 'स्मृतिचित्रे'ची एक चांगली प्रत आणि 'श्यामची आई'च्या दोन पूर्ण प्रती घ्याव्यात, यावर तासभर वाद झाला. शेवटी दोन्ही थोडं थोडं घेतलं, आपल्या समित्या जसं करतात तसं. देवघेवीच्या रजिस्टरात संचाच्या नोंदी आजही जास्त आहेत, हे लपवत नाही. 'स्मृतिचित्रे' वर्षात पाचदा गेली. परवा कपाटातून काढून पाहिली, तर पुढची पानं कोरी, मागची कोरी, आणि मधली चाळीसेक पानं बोटांनी काळी पडलेली. एका पानात कपाशीचं वाळलेलं पान खुणेला ठेवलेलं होतं. ते मी तसंच राहू दिलं.